सात पॉइंट चार

पहाटे पावणेपाचला मी शटर वर करतो
तेव्हा पंप-रूममध्ये ती जागीच असते:
भिंतीवरची पेटी, हिरवे आकडे,
दोन बारीक नळ्या, दोन ड्रम.
एकात ॲसिड, दुसऱ्यात हायपो.
भामरे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
या दोघी सख्ख्या जावा समजा, बोडके,
मधे भिंत हवी.

त्याआधी अठरा वर्षं मीच होतो पेटी.
बादलीत पावडर कालवायची
आणि काठाकाठाने शिंपडत जायचं.
पॅन्टवर पांढरे ठिपके.
चंद्रकला म्हणायची, तुमच्या कपड्यांना देवी आल्यात.
माप? माप नाकात होतं.

ही पेटी सारखी पाण्याला विचारते, कसं आहे?
उत्तर ऐकते,
मग टिक्, एक थेंब.
पुन्हा विचारते.
मला हे जमलं नाही कधी.
आठ-आठ दिवस गप्प, आणि मग एकदम बादली.
संसारही मी बादलीनेच केला.

साडेपाचला मणियारचाचा उतरतात.
नोट प्रेसमधून रिटायर झालेला माणूस,
फेऱ्या मोजतो बंडलं मोजल्यासारख्या,
शंका आली की पहिल्यापासून.
वर येऊन म्हणतात,
बोडके, आज क्लोरीन फार झालं, वास मारतोय.
मी सांगतो, चाचा, वास येतो तो थकलेल्या क्लोरीनचा,
घामाशी झुंजून अर्धमेल्या झालेल्या.
वास आला म्हणजे कमी पडतंय.
ते हसतात.
तिकडे रामकुंडात कोण पीएच विचारतं, म्हणतात,
आणि अंघोळ न करता परत उडी मारतात,
'अंघोळ करून उतरा' या पाटीच्या बरोबर खाली.

मे महिन्यातला मंगळवार.
सुट्टीच्या बॅचची एकशे बारा पोरं
टोप्या घालून फाटकाबाहेर.
पेटीवर सात पॉइंट चार.
रात्री अकराला सात पॉइंट चार.
दोनला सात पॉइंट चार.
चारला, पाचला, तेच.
पाणी इतकं शहाणं कधी नसतं.

कपाटातून जुना डबा काढला.
नळीत तलावाचं पाणी, लाल औषधाचे पाच थेंब.
डाळिंबाच्या सालीचा रंग यायला हवा होता,
आलं थेट जांभूळ.

नमुन्याच्या नळीची जाळी उघडली
तर केसांचा गुंता, आणि एक बँड-एड, कार्टूनचं.
काचेची सुई बिचारी
कपभर शिळ्या पाण्यात रात्रभर बसली होती
आणि त्यालाच तलाव समजत होती.
कपातलं क्लोरीन कधीच विरलेलं,
म्हणून हायपो टिक् टिक् चालूच.
प्रवाह थांबला की ओरडायचं काम ज्या तरंग्याचं,
तोही चिकटून बसलेला.

मी फाटकाला कुलूप लावलं.
आईबाप भांडले. फी भरलीय, एक म्हणाला,
दिसतंय की निळंशार.
निळ्या तर फरशा आहेत, मी म्हणालो.

अंबडहून भामरे मॅडम आल्या, हेल्मेट काखेत.
सुई सातच्या बाटलीत बुडवली: बोल, सात.
चारच्या बाटलीत: बोल, चार.
बालवाडीच.
चूक तिची नाही, म्हणाल्या, समोरचं पाणीच वाहत नव्हतं.
आणि पुसू नका, नुसती टिपा,
कोरडी पडली की मेली.

दहाला जेल रोडला घरी आलो.
चंद्रकला पोळ्या लाटत होती.
दारातच चपला काढता काढता
मी विचारलं,
कसं आहे?

लाटणं थांबलं.
तिने गॅस बारीक केला,
मला खालून वरपर्यंत पाहिलं
आणि म्हणाली,
का हो, तलाव बंद पडला का?